ओळी वाकड्या का दिसतात? डोळ्याच्या पडद्यावरचा पापुद्रा आणि त्याचे चार टप्पे



वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आमच्या वस्तीत हे वाचन बरीच वर्षे एक मावशी करतात. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आवाज खणखणीत आणि वाचन स्वच्छ. मागच्या वर्षावासात मात्र त्या अडखळू लागल्या. एक ओळ सोडून खालच्या ओळीवर जायच्या. एका संध्याकाळी त्यांनी ग्रंथ शेजारच्या मुलीच्या हातात दिला आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. विचारले तर म्हणाल्या, "ओळी वाकड्या झाल्यात बाई. मधली अक्षरं एकमेकांत घुसतात."

मावशींच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन वर्षभरापूर्वी एका शिबिरात झाले होते. त्यानंतरही नीट दिसेना म्हणून त्यांनी दोनदा चष्मा बदलला. फेरतपासणीला गेल्या तेव्हा "आता वय झालं, एवढंच दिसणार" असे सांगून त्यांना परत पाठवले. आम्ही त्यांना एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघायला सांगितले. उजव्या डोळ्याला चौकट सरळ दिसली. डाव्याला ती मध्येच आत वळलेली दिसली.

आम्ही त्यांना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात घेऊन गेलो. तिथे डोळ्याचा एक स्कॅन झाला. कागदावर लिहून आले: 'डावा डोळा, एपिरेटिनल मेम्ब्रेन, टप्पा ३'. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. रांग मोठी होती, डॉक्टर एकच होते. मावशींनी तो कागद रेशन कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. असे कागद आपल्या अनेक घरांत पडून आहेत. या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही तोच कागद उलगडून सांगत आहोत.

हा पापुद्रा म्हणजे काय?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला भिंग असते. ते गढूळ झाले की आपण मोतीबिंदू म्हणतो. डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते. भिंगातून आलेला प्रकाश या पडद्यावर पडतो आणि तिथून मेंदूकडे निरोप जातो. पडद्याच्या मधोमध एक छोटा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक नजरेची कामे हा मॅक्युला करतो.

मॅक्युलाच्या अगदी मध्यभागी एक खळगा असतो. पिठाच्या ढिगात पाणी घालण्यासाठी आपण मध्ये खळगा करतो, तसा. या ठिकाणी पडद्याचे वरचे थर बाजूला सरकलेले असतात, त्यामुळे प्रकाश खालच्या पेशींवर थेट पडतो. आपली सर्वांत तीक्ष्ण नजर या खळग्यात असते. पुढे जे टप्पे सांगणार आहोत ते समजण्यासाठी हा खळगा लक्षात ठेवा.

आता दुधावरची साय आठवा. दूध निवले की सायीचा पातळ थर धरतो, आणि ती आकसली की तिला सुरकुत्या पडतात. तसाच एक पातळ पापुद्रा कधी कधी मॅक्युलावर धरतो. त्याला डॉक्टर एपिरेटिनल मेम्ब्रेन म्हणतात. कागदावर अनेकदा फक्त 'ईआरएम' असे लिहिलेले असते. या पापुद्र्यात आकसणाऱ्या पेशी असतात. त्या आकसल्या की खालचा पडदाही ओढला जातो, त्याला चुण्या पडतात. पडदाच चुरगळला तर त्यावर उमटणारे चित्र सरळ कसे राहणार? म्हणून ओळी वाकड्या दिसतात. चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी पडद्याची चुणी जात नाही.

तो का धरतो?

डोळ्याच्या आत घट्ट रसासारखा एक पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वय वाढते तसा तो आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटा होतो. सुटताना काही पेशी पडद्यावर मागे राहतात, वाढतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो. बहुतेकांना हा त्रास पन्नाशीनंतर होतो. त्यात कुणाची चूक नसते. शिवणकाम फार केले, टीव्ही फार पाहिला, चुलीपुढे बसलो म्हणून हा पापुद्रा धरत नाही. नजर लागली, करणी झाली म्हणून तर मुळीच नाही. कारण असले की कार्य घडते, हे आपल्याला धम्माने शिकवले आहे. ते आजारालाही लागू आहे.

काहींच्या डोळ्यात मात्र दुसऱ्या आजारामुळे पापुद्रा धरतो. मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होणे, पडद्याची शीर तुंबणे, डोळ्याच्या आत सूज येणे, डोळ्याला मार लागणे, पडदा सुटणे किंवा आधी झालेले डोळ्याचे ऑपरेशन, ही त्याची कारणे आहेत. अशा वेळी नुसता पापुद्रा पाहून भागत नाही, मूळ आजारावरही उपचार करावे लागतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारायचा: "हा वयाचा पापुद्रा आहे, की दुसऱ्या आजारामुळे झाला?"

मधुमेहाचे नाव निघाले म्हणून एक आठवण. बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली होती, १९५४ साली तर ते काही महिने अंथरुणाला खिळून होते. त्या प्रकृतीतही त्यांनी लिहिलेला ग्रंथ आज आपण विहारात वाचतो. त्यांच्या काळात डोळ्याच्या आतले थर दाखवणारे यंत्र नव्हते. आपल्या काळात ते आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दिसण्याची तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्यायलाच हवी.

स्कॅन कसा होतो?

या स्कॅनला ओसीटी म्हणतात. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात आणि चित्र तयार होते. ओसीटीत तेच काम प्रकाश करतो. पडद्याच्या वेगवेगळ्या थरांवरून परत आलेला प्रकाश यंत्र मोजते आणि पडद्याचा उभा छेद दाखवते. पाव मधून कापला की आतले दिसते, तसे. फरक इतकाच की इथे काहीही कापलेले नसते. मिलिमीटरचा हजार भागांत विचार केला तर पाच-सात भागांइतका बारीक फरकही या यंत्राला कळतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९१ साली ही पद्धत जगापुढे मांडली आणि आता ती आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोहोचली आहे.

तपासणीला घाबरण्यासारखे काही नाही. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचे, काही सेकंद डोळा हलवायचा नाही. यंत्र डोळ्याला लागत नाही. सुई नाही, एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन डोळ्यांवर येते. म्हणून सोबत कुणाला तरी न्यावे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.

एक अडचण मात्र आहे. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर प्रकाश आत जात नाही आणि स्कॅन अस्पष्ट येतो. मग ऑपरेशननंतर तो पुन्हा करावा लागतो.

टप्पे कसे ठरतात?

पूर्वी डॉक्टर भिंगातून डोळ्यात बघून पापुद्र्याची प्रत ठरवत. अमेरिकेतील डॉ. गॅस यांनी १९८७ साली तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिलीत पापुद्रा सेलोफेनच्या कागदासारखा पारदर्शक, नुसती चमक दिसते. दुसरीत तो कागद सुरकुतलेला. तिसरीत जाड, करडा पापुद्रा आणि पडद्याला स्पष्ट घड्या. ही पद्धत उपयोगी होती, पण ती फक्त वरून दिसणाऱ्या गोष्टींवर आधारलेली होती. थरांच्या आत काय बिघडले ते तिच्यातून कळत नव्हते.

ओसीटीमुळे आतले थर दिसू लागले. २०१७ साली डॉ. गोवेत्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅनवरून चार टप्पे मांडले. आज अनेक डॉक्टर हेच टप्पे वापरतात. मघाचा खळगा आठवा आणि पुढे वाचा.

पहिला टप्पा: पापुद्रा आहे, पण मधला खळगा शाबूत आहे. सगळे थर वेगवेगळे, नीट दिसतात. अशा माणसाला बहुधा चांगले दिसते. कित्येकांना काही त्रासच नसतो, दुसऱ्या कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये पापुद्रा सापडतो.

दुसरा टप्पा: ओढ वाढून खळगा बुजलेला असतो. मधला भाग जाड होतो, पण थर अजून ओळखू येतात. दृष्टी थोडी कमी होते, ओळी वाकू लागतात.

तिसरा टप्पा: खळगा तर नाहीच, शिवाय बाजूला असायला हवेत ते वरचे थर ओढले जाऊन खळग्याच्या जागेवर आलेले असतात. जिथे प्रकाशाला मोकळी वाट हवी तिथे आता सलग थर पसरलेला असतो. वाचायला स्पष्ट अडचण येते. आमच्या मावशी इथे होत्या.

चौथा टप्पा: थर जागा सोडून आलेच आहेत, शिवाय ते एकमेकांत मिसळून विस्कटले आहेत. कुठला थर कुठे संपतो ते सांगता येत नाही. दृष्टी बरीच गेलेली असते आणि ऑपरेशननंतरही ती मर्यादितच परत येते.

हा आकडा असा कामाचा आहे. पहिल्या टप्प्यातल्या माणसाला घाईने ऑपरेशनच्या टेबलावर नेण्याचे कारण नसते. तिसऱ्या टप्प्यातल्या माणसाला "वय झालं" म्हणून घरी पाठवणे हा अन्याय असतो. आणि आपला टप्पा ठाऊक असला की सहा महिन्यांनी तो पुढे सरकला का, हे विचारता येते. टप्पा एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर जाईलच असे नाही. पुष्कळांचा पापुद्रा वर्षानुवर्षे आहे तिथेच राहतो. पण तो राहिला की सरकला हे जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

स्कॅनमधून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते. ओळी वाकड्या दिसणे हे एकट्या पापुद्र्याचे लक्षण नाही. मॅक्युलाला भोक पडले, मधुमेहामुळे तिथे पाणी साचले, किंवा पडद्याखाली नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या तरी ओळी वाकतात. यांचे उपचार वेगवेगळे आहेत. मधुमेहाच्या सुजेला आणि कच्च्या रक्तवाहिन्यांना बहुधा डोळ्यात इंजेक्शने देतात, भोकाला ऑपरेशन लागते, आणि यांत उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. म्हणून "बघू पुढच्या दिवाळीनंतर" असे म्हणून बसू नये.

घरच्या घरी काय तपासावे?

एका डोळ्याची दृष्टी बिघडली तरी दुसरा डोळा ते झाकून नेतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी आठवड्यातून एकदा ही तपासणी करावी.

मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. पानाच्या मध्यभागी पेनाने एक ठिपका काढा. जवळचा चष्मा असेल तर तो लावा. वही हातभरापेक्षा थोडी जवळ धरा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. ठिपक्याकडे बघत राहा. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का? कुठे वाकलेल्या, तुटलेल्या, पुसट आहेत का? मग दुसरा डोळा. वही नसेल तर दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा चालतील. रेघा वाकड्या दिसल्या तर काही दिवसांत पडदा तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जा.

पण अचानक डोळ्यापुढे पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागले, विजेसारखे चमकू लागले, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडदा सुटत असल्याची ती खूण असू शकते.

डोळ्यात मध, कांद्याचा रस, कसलेही अंजन किंवा दुकानातून मागून आणलेले थेंब घालू नका. हा पापुद्रा थेंबांनी विरघळत नाही, गोळ्यांनी जात नाही, डोळ्यांच्या व्यायामानेही निघत नाही.

ऑपरेशन कुणाला आणि कसे?

टप्पा आणि रोजच्या कामातली अडचण, दोन्ही पाहून ऑपरेशन ठरवतात. शिलाई करणारी ताई, रिक्षा चालवणारा दादा आणि घरी असणारे आजोबा यांची गरज सारखी नसते. म्हणून "मला वाचता येत नाही", "सुईत दोरा जात नाही", "समोरची गाडी वाकडी दिसते" असे स्पष्ट सांगा. नुसते "कमी दिसते" म्हटले तर आपली अडचण कागदावर येत नाही.

या ऑपरेशनला विट्रेक्टॉमी म्हणतात. डोळा इंजेक्शनने बधिर करतात. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या उपकरणांनी आतला घट्ट रस काढतात आणि बारीक चिमट्याने पापुद्रा सोलून काढतात. पडद्याला धक्का न लावता साय अलगद उचलायची, असे हे काम आहे.

दृष्टी दुसऱ्या दिवशी परत येत नाही, हे आधीच समजून घ्या. चुरगळलेला पडदा हळूहळू सावरतो. तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. वाकडेपणा बराच कमी होतो, पण काहींचा थोडा राहतो. ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले नाही त्यांचा मोतीबिंदू या ऑपरेशननंतर लवकर वाढतो. जंतुसंसर्ग होणे, पडदा सुटणे, पापुद्रा पुन्हा धरणे हे धोके थोड्या लोकांत असतात, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नयेत.

खर्चासाठी कर्ज काढण्याआधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा आणि आपली शस्त्रक्रिया बसते का ते विचारा.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा

१. पापुद्रा वयाचा आहे की दुसऱ्या आजारामुळे?
२. स्कॅनप्रमाणे कितवा टप्पा आहे? मधला खळगा शाबूत आहे का?
३. आता थांबायचे की ऑपरेशन? थांबायचे तर पुढचा स्कॅन कधी?
४. मोतीबिंदूही असेल तर आधी काय, आणि दोन्ही झाल्यावर किती दिसण्याची आशा आहे?
५. स्कॅनची प्रत मिळेल का?

चौथा प्रश्न मोतीबिंदूच्या शिबिराला जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावा. "पडदा तपासला का?" एवढे तीन शब्द पुरेत. मावशींनी ते विचारले असते तर कदाचित वर्ष वाया गेले नसते. शिबिरे वाईट नाहीत, त्यांनी अनेकांना दृष्टी दिली आहे. पण घाईच्या रांगेत पडदा तपासायचा राहून जातो, आणि नंतर दोष रुग्णाच्या वयाला दिला जातो.

पाचवा प्रश्न विचारताना संकोच करू नका. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या कागदपत्रांची प्रत द्यावी लागते. स्कॅनचा कागद दुमडू नका, फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. त्यावर रंगीत नकाशा असतो, त्यात पडद्याची जाडी दाखवलेली असते. रंग आणि आकडे यंत्रागणिक थोडे बदलतात, म्हणून जमेल तोवर पुढचा स्कॅन त्याच ठिकाणी करा.

मावशींचे ऑपरेशन झाले. चार महिने उलटून गेले. दाराची चौकट त्यांना आता जवळजवळ सरळ दिसते, मध्ये थोडा वाक राहिला आहे. या वर्षावासात त्या रोज एक पान वाचतात, उरलेले ती शेजारची मुलगी वाचते. परवा त्या आम्हाला म्हणाल्या, "माझं वय झालं नव्हतं, माझी तपासणी झाली नव्हती."

आपल्या घरात कुणी ग्रंथ, पेपर किंवा सुई-दोरा हळूच बाजूला ठेवला असेल तर त्यांना आज विचारा, ओळी सरळ दिसतात ना? आणि विहारात या पौर्णिमेला चौकटीच्या वहीचे एक पान घेऊन बसा. दहा मिनिटांत पंचवीस जणांचे डोळे तपासून होतात.

नमो बुद्धाय, जयभीम.